बीटलज्यूस बीटलज्यूस : ३६ वर्षांनी आलेला दुसरा भाग (स्पॉयलर आहेत)

माजघर

टिम बर्टनचा 'बीटलज्यूस' आला १९८८ला आणि त्याचा दुसरा भाग 'बीटलज्यूस बीटलज्यूस' आला सप्टेंबर २०२४ला. इतक्या वर्षांनी काढलेल्या सीक्वेलबद्दल माझ्या मनात आधीच अढी असते, म्हणून थिएटरला गेलेच नाही. नंतर घरी बघितला, मग पहिला काढून बघितला, मग दुसरा परत. आता कोणाशी तरी बोलल्याशिवाय राहवेना म्हणून हा धागा.

ज्यांनी पहिला बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ॲडम आणि बार्बरा मेटलंड हे कनेक्टिकटमधल्या विंटर रिव्हर नावाच्या गावात राहणारं साधं जोडपं, हार्डवेअरचं दुकान, ॲडमला माळ्यावर अख्ख्या गावाचं छोटं मॉडेल करायचा नाद. रस्त्यात आलेल्या कुत्र्याला वाचवायला जातात आणि गाडी पुलावरून नदीत. घरी परततात आणि हळूहळू कळतं की आपण मेलोय. मग त्या घरात न्यूयॉर्कहून डीट्झ कुटुंब राहायला येतं, चार्ल्स, त्याची शिल्पकार बायको डीलिया, आणि चार्ल्सची मुलगी लिडिया. म्हणजे इथे भुतं बिचारी घरातली आणि जिवंत माणसंच बाहेरून येऊन घर झपाटतात! भुतं घाबरवायला जातात पण जमत नाही, ती फार सज्जन आहेत, म्हणून शेवटी बीटलज्यूसला बोलावतात जो पैसे घेऊन माणसं हुसकवणारा महाबिलंदर मेलेला माणूस आहे, आणि तो सगळ्यांनाच जड जातो.

मला पहिला का इतका आवडतो तर मेल्यानंतरचं त्यातलं जग. स्वर्ग नाही नरक नाही, एक वेटिंग रूम आहे, नंबराची चिठ्ठी घ्यायची आणि बसायचं. जो जसा मेला तसाच बसलाय, जळालेला जळालेलाच, जादूगाराची कापली गेलेली असिस्टंट दोन तुकड्यांत. ज्यांनी स्वतःचा जीव घेतला ते तिथे कायमचे सरकारी नोकर. मेटलंडना १२५ वर्षं त्याच घरात काढायची आहेत आणि त्यांची केसवर्कर जूनो सिगरेट ओढते तेव्हा धूर गळ्यावरच्या चिरेतून बाहेर येतो. हे सगळं इतक्या थंडपणे दाखवलंय की हसू येतं आणि काटाही येतो. आणि या सगळ्याच्या मधोमध लिडिया, काळे कपडे घालणारी एकटी मुलगी, घरात फक्त तिलाच ती भुतं दिसतात कारण बाकी कोणी नीट बघतच नाही.

दुसऱ्या भागात ती लिडिया पन्नाशीची आहे. विनोना रायडरच. भुतांवरचा टीव्ही शो करते, गोळ्यांवर जगते, नवरा मेलाय, आणि मुलगी ॲस्ट्रिड तिच्याशी धड बोलत नाही. मला वाटतं सिनेमाचं खरं यश हे आहे. शाळेत सगळ्यांपेक्षा वेगळी असलेली मुलगी मोठी झाल्यावर तिचं काय होतं याचं खरं उत्तर यात आहे. जगाला दिसत नाही ते तिला दिसत राहिलं, आणि त्याचाच तिनं धंदा केला, म्हणजे दुसऱ्यानं तिच्याकडून करून घेतला. आणि सगळ्यात टोचणारी गोष्ट म्हणजे तिला सगळी भुतं दिसतात पण स्वतःचा मेलेला नवरा मात्र दिसत नाही, म्हणून मुलगी तिला खोटारडी समजते. एवढी चांगली कल्पना या कथेत आहे.

तुम्हाला कसा वाटला? थांबल्याचं चीज झालं का?

निशाचर

माजघर, छान लिहिलंय. एवढा उशीर का झाला ते लिहितो कारण ती स्वतंत्र गोष्ट आहे.

पहिला सिनेमा जेमतेम दीड कोटी डॉलरमध्ये झाला आणि त्यानं अमेरिकेत सात कोटींच्या वर धंदा केला. म्हणजे स्टुडिओला दुसरा भाग लगेच हवा होता. १९९०च्या सुमारास जोनाथन जेम्सनं एक स्क्रिप्ट लिहिलं, बीटलज्यूस हवाईला जातो अशी कथा, डीट्झ कुटुंब तिथे रिसॉर्ट बांधतंय वगैरे. जर्मन एक्स्प्रेशनिझम (वाकड्यातिकड्या सेटचे, गडद सावल्यांचे जुने जर्मन सिनेमे) आणि सर्फिंगचे सिनेमे एकत्र करायचे असं बर्टनच्या डोक्यात होतं. पण तोपर्यंत त्याचा १९८९चा 'बॅटमॅन' येऊन गेला होता, त्यातही बीटलज्यूस झालेला मायकल कीटनच, आणि मग दोघंही १९९२च्या दुसऱ्या बॅटमॅनमध्ये अडकले. हवाई मागे पडलं ते पडलंच. नव्वदच्या दशकात ते स्क्रिप्ट दुरुस्त करायला केव्हिन स्मिथला विचारलं होतं, त्यानं त्याऐवजी सुपरमॅनचं काम घेतलं.

मग २०११ला सेथ ग्रॅहम-स्मिथला नव्यानं लिहायला दिलं. त्यानंतर दर वर्षा-दोन वर्षांनी होणार, होणार अशा बातम्या, आणि २०१९ला सगळं थंड पडल्याची बातमी. खरा फरक पडला बर्टननंच केलेल्या 'वेन्सडे' मालिकेमुळे. ती लिहिणारे आल्फ्रेड गॉ आणि माइल्स मिलर यांनीच हा सीक्वेल लिहिला, ॲस्ट्रिड झालेली जेना ओर्टेगा तिथलीच, कॉस्च्युमवाली कॉलीन ॲटवुड तर बर्टनची कायमचीच. २०१९च्या 'डम्बो'नंतर बर्टन इतका वैतागला होता की सिनेमे सोडायचा विचार करत होता, हे त्यानं स्वतः मुलाखतींत सांगितलंय. म्हणजे हा सिनेमा स्टुडिओच्या मागे लागण्यानं झालेला नाही, त्याला स्वतःला परत काम करावंसं वाटलं तेव्हा झाला. मे २०२३ला लंडनला शूटिंग सुरू, जुलैमध्ये नटांच्या संपामुळे शेवटचं थोडंसं काम राहिलेलं असताना बंद, नोव्हेंबरमध्ये पूर्ण. ऑगस्ट २०२४ला व्हेनिसच्या महोत्सवाची सुरुवातच या सिनेमानं झाली.

आणि बजेट साधारण १० कोटी डॉलर, जगभरातली कमाई ४५ कोटींच्या आसपास. अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांतच ११ कोटी. म्हणजे वाट बघणारे आपण एकटे नव्हतो.

काळी मांजर

मला नाही आवडला आणि का ते सांगते.

गर्दी!! किती गोष्टी आहेत त्यात बघा. चार्ल्सचं मरण, डीलियाचा शोक, लिडियाचा तो चिकट मॅनेजर रोरी ज्याला तिच्याशी लग्न करायचंय, ॲस्ट्रिड आणि तो झाडावरच्या घरात राहणारा मुलगा जेरेमी, बीटलज्यूसची आधीची बायको डोलोरेस जी त्याला शोधत फिरतेय, वुल्फ जॅक्सन नावाचा मेलेला नट जो परलोकात पोलीस आहे, मेलेला नवरा रिचर्ड, आत्म्यांची रेल्वे. आणि हे सगळं पावणेदोन तासांत. पहिल्यात एकच गोष्ट होती, एक घर आणि त्यात कोण राहणार. बस.

डोलोरेसचं तर मला फार वाईट वाटलं. मोनिका बेलुची! तिची एन्ट्री आठवा, वेगवेगळ्या खोक्यांत तिचे अवयव, ते एकेक बाहेर येतात आणि ती बसून स्टेपलरनं स्वतःला शिवते, मागे बी जीजचं गाणं, तोंडातून शब्द नाही. काय सीन आहे. आणि मग पुढे ती फक्त कॉरिडॉरमधून चालते आणि शेवटी सँडवर्म, तो वाळूतला राक्षसी किडा, येऊन दोन सेकंदांत गिळून टाकतो. ज्या बाईची इतकी भीती दाखवली तिचा नवऱ्याशी एक धड सामना पण नाही. ती पूर्ण काढली तरी कथेत काही हलत नाही.

लिडिया-ॲस्ट्रिडची गोष्ट चांगली आहे हे मान्य, माजघर, पण तिला जागाच मिळत नाही हो. रिचर्ड भेटतो तो सीन किती घाईत उरकलाय. मुलगी वर्षानुवर्षं बापासाठी झुरतेय, तो पिरान्हा चावलेल्या अवस्थेत समोर येतो आणि दोन मिनिटांत टाटा. तिथे थांबायला हवं होतं. तो सीन हा सिनेमा होता.

रंगपेटी

मी हौशी नाटकांची रंगभूषा करते त्यामुळे माझं बघणं वेगळं असेल. काळी मांजर, कथेबद्दल तुमचं पटतंय, पण पडद्यावर जे *बनवलंय* त्याबद्दल कोणी बोलतच नाहीये म्हणून लिहिते.

पहिल्या भागाला मेकअपचं ऑस्कर मिळालं होतं, व्ही नील, स्टीव्ह ला पोर्ट आणि रॉबर्ट शॉर्ट यांना. त्या वेळी इफेक्ट्ससाठी पैसा फार कमी होता, साधारण दहा लाख डॉलर, आणि बर्टननं ठरवून ते सगळं जुन्या सिनेमांसारखं ठेवलं, स्टॉप-मोशन (बाहुली थोडी थोडी हलवून एकेक चित्र टिपायचं), मुखवटे, बाहुल्या, आरसे. बीटलज्यूसचं ते रूप बरंचसं कीटननं स्वतः सुचवलेलं, विजेचा शॉक बसल्यासारखे केस, डोळ्याभोवतीचं काळं, गळ्यावर गालावर बुरशी चढलेली, जणू दगडाखालून उचलून आणलाय माणूस. रंगभूषेत हे फार अवघड असतं की चेहरा मेलेला दिसला पाहिजे पण हलला पण पाहिजे, कारण नट त्यातूनच बोलणार असतो, जाड थर दिला की भुवई सुद्धा वर जात नाही. कीटनचं सगळं काम भुवया आणि ओठांत आहे, तो थर नीट बघा, जिथे चेहरा मुडपतो तिथे जवळजवळ नाहीच आहे.

आता दुसरा भाग. २०२३ला त्यांच्याकडे कॉम्प्युटरवर काहीही करायची सोय होती आणि पैसा होता, तरी हातानंच केलं. कीटननं तर मुलाखतींमधून सांगितलंय की सगळं हातानं झालं पाहिजे आणि बीटलज्यूस पडद्यावर फार वेळ दिसता कामा नये, या दोन गोष्टींचा त्यानं आग्रह धरला. बीटलज्यूसच्या हाताखालच्या त्या छोट्या डोक्यांच्या लोकांच्या सूटमध्ये आत खरी माणसं आहेत आणि वरती यांत्रिक डोकं, नील स्कॅनलनच्या टीमचं काम. म्हणूनच त्यांच्यातला बॉब आवडतो! एक शब्द बोलत नाही, इवलंसं डोकं, मोठा कोट, डोळे किंचित फिरतात, आणि तो गेला तेव्हा माझ्या घशात आवंढा आला. हे कॉम्प्युटरवर झालं नसतं असं मी म्हणणार नाही, पण समोर खरी वस्तू असली की नटाची नजर बरोबर तिथेच जाते, त्याच्या अंगावर तिची सावली पडते, आणि बघणाऱ्याला कारण माहीत नसलं तरी ते कळतं.

आणि चार्ल्सचं मरण स्टॉप-मोशनमध्ये, विमान पडतं, समुद्र, शार्क. एवढी भयानक गोष्ट बाहुल्यांतून सांगितल्यामुळे हसता येतं. डोलोरेसची जुनी गोष्ट इटालियनमध्ये, ब्लॅक अँड व्हाइट, तो इटालियन दिग्दर्शक मारिओ बावाच्या जुन्या भयपटांना केलेला नमस्कार आहे. प्लेगचे दिवस, स्मशान, लग्न, विष. तेवढा तुकडा मी कितीही वेळा बघेन.

प्रश्नचिन्ह

पहिला न बघता दुसरा चालेल का

निशाचर

कथा कळेल, पण गंमत अर्धी होईल. पहिला दीड तासाचाच आहे, आधी तोच बघा. आणि एक गोष्ट बघताना लक्षात ठेवा, नाव त्याचं असलं तरी दीड तासात कीटन जेमतेम १७ मिनिटं दिसतो.

प्रश्नचिन्ह

१७ मिनिटं??? पोस्टरवर तर सगळीकडे तोच आहे

निशाचर

हो ना, आणि तरी सगळ्यांना तोच आठवतो. रंगपेटी म्हणतात तो कीटनचा आग्रह तिथूनच आलाय.

दवबिंदू

माझी मुलगी आठवीत आहे आणि तिच्यामुळे मला हा सिनेमा कळला, उलट झालं म्हणा. तिला 'वेन्सडे' आवडली होती म्हणून जेना ओर्टेगा, आणि त्याच्याही आधी ती ब्रॉडवेच्या म्युझिकलची गाणी ऐकायची. २०१९ला ते म्युझिकल आलं, कोविडमध्ये बंद पडलं, २०२२ला परत सुरू झालं. हिनं नाटक बघितलेलं नाही, इथे पुण्यात बसून फक्त गाणी, पण सगळी पाठ. त्या नाटकात लिडियाची आई नुकतीच वारलेली असते आणि सगळी गोष्ट त्या दुःखाभोवती आहे. मला वाटतं या वयाच्या मुलामुलींना तेच भिडलं. घरात कोणी गेलं की मोठी माणसं मुलांशी बोलतच नाहीत, विषय बदलतात. आमच्याकडे माझे सासरे गेले तेव्हा मी पण तिच्याशी फारशी बोलले नव्हते. हा सिनेमा बघताना तिनं आजोबांबद्दल विचारलं, ते आता कुठल्या रांगेत असतील म्हणून. बराच वेळ बोललो आम्ही त्या दिवशी.

काळी मांजर, गर्दी आहे हे खरं, पण तिला ती जाणवली नाही. तिला आजी, आई आणि मुलगी एवढंच दिसलं. डीलिया तिची सगळ्यात आवडती.

माजघर

दवबिंदू, हे लिहिलंत ते फार बरं केलंत.

डीलियाबद्दल बोलायचंच राहिलं होतं. कॅथरिन ओ'हारा! पहिल्या भागात ती सावत्र आई, स्वतःच्या शिल्पांपलीकडे काही न दिसणारी. दुसऱ्यात नवरा गेल्यावर अख्ख्या घरालाच काळ्या कापडात गुंडाळते, दुःखाचंही प्रदर्शन मांडते, आणि बघताना आधी हसू येतं आणि मग लक्षात येतं की तिला दुःख करायची हीच एक रीत येते. तिला दुसरी भाषाच नाही. सापांनी मरते ते सुद्धा नवऱ्यासाठी केलेल्या विधीत, विषाचे दात काढलेत असं सांगून दिलेले साप असतात. आणि मेल्यावर पहिली गोष्ट काय करते तर वेटिंग रूममध्ये तक्रार, मला माझा नवरा हवाय. लिडियाचं आणि तिचं नातं ३६ वर्षांत हळूहळू कसं मऊ झालं असेल ते दोघींच्या बोलण्यात दिसतं, कुठेही समजावून सांगितलेलं नाही.

(ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, पहिल्या भागाचा प्रॉडक्शन डिझायनर बो वेल्च आणि कॅथरिन ओ'हारा त्या सेटवरच भेटले आणि पुढे लग्न केलं. त्या विचित्र घराचा सेट त्यानं उभा केला आणि ती त्यात वावरली.)

काळी मांजर, डोलोरेसबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. रिचर्डच्या सीनबद्दलही.

भटकंती

मी बॉस्टनजवळ राहतो. गोष्ट कनेक्टिकटची असली तरी दोन्ही भागांचं बाहेरचं शूटिंग व्हरमाँटमधल्या ईस्ट कोरिंथ नावाच्या खेड्यात झालंय. मी शरद ऋतूत तिथे जाऊन आलो, पानं लाल-पिवळी झालेली असतात तेव्हा. टेकडीवरचं ते घर खरं नव्हतंच, शूटिंगपुरता उभा केलेला नुसता दर्शनी भाग होता आणि नंतर काढून टाकला. दुसऱ्या भागासाठी २०२३ला त्याच टेकडीवर तो परत उभा केला. आता जाल तर टेकडी आणि गवत दिसेल, पण खाली गावात उभं राहून वर बघितलं की जागा लगेच ओळखू येते.

२०२३च्या उन्हाळ्यात तिथल्या सेटवरून चोरी झाली होती, वर भोपळ्यासारखी सजावट असलेला दिव्याचा खांब आणि एक शिल्प, जवळजवळ ७० किलोचं! पोलिसांनी लोकांना आवाहन केलं होतं. डीलियाचं शिल्प कोणाला घरात ठेवावंसं वाटलं, तिला बरं वाटलं असतं :)

मला जाणवलं ते असं की न्यू इंग्लंडमध्ये अशी गावं खरंच आहेत, पांढरं चर्च, एक दुकान, मागे जुनी दफनभूमी, आणि मोठ्या शहरातून पैसेवाले येऊन जुनी घरं घेतात आणि आतून सगळं तोडून आपल्या पद्धतीचं करतात. १९८८ला ते सुरू होतं, आता तर विचारू नका. पहिल्या सिनेमात चार्ल्स घरात बसून अख्खं गाव विकत घ्यायचे बेत करतो ना, ते तिथल्या लोकांना आजही लागू पडतं. दुसऱ्या भागात हा धागा पूर्ण सुटलाय, गाव फक्त मागे दिसतं. मला त्याची उणीव जाणवली.

उत्तररात्र

कोणी 'झपाटलेला'चं नाव कसं घेतलं नाही अजून?

१९९३चा 'झपाटलेला' आणि २०१३चा 'झपाटलेला २'. आपल्याकडेही वीस वर्षं मध्ये गेली. तिथेही भूत एक बिलंदर, तिथेही भुताचा जीव हातानं बनवलेल्या वस्तूत, रामदास पाध्यांचा तात्या विंचू. आणि तिथेही दुसऱ्या भागासमोर तोच प्रश्न होता की ज्यांच्यामुळे पहिला लोकांना आवडला ती माणसं नसतील तर काय करायचं. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ला गेले. महेश कोठाऱ्यांनी लक्ष्याच्या मुलाची गोष्ट केली, आदिनाथ त्यात होता, थ्रीडी होतं, तात्याला परत दिलीप प्रभावळकरांचा आवाज होता. मी थिएटरात बघितला होता आणि तात्या आला की टाळ्या पडत होत्या, पण लक्ष्याची जागा रिकामी होती ती रिकामीच राहिली.

'बीटलज्यूस २' मध्येही तोच पेच आहे. चार्ल्सचं काम करणारा जेफ्री जोन्स परत घेण्यासारखा नव्हता, त्याच्यावर २००३ला गंभीर गुन्हा सिद्ध झालाय. मग काय केलं? चार्ल्सला शार्कनं वरचा अर्धा भाग खाल्लाय! परलोकात तो छातीपासून खालीच फिरतो, वर रक्ताचं कारंजं. नट नाही तर पात्राचं तोंडच ठेवलं नाही, आणि तरी पात्र कथेत शेवटपर्यंत आहे. इतकी हुशार सोडवणूक मी क्वचित बघितलीय.

पण मेटलंड? एका वाक्यात संपवले. ॲस्ट्रिड विचारते ती भुतं कुठे आहेत, लिडिया सांगते त्यांना नियमात एक पळवाट सापडली आणि ते पुढे गेले. झालं. मेटलंड झालेले अॅलेक बाल्डविन आणि जीना डेव्हिस नसणार हे ठीक, नटांची वयं वाढतात आणि भुतांची वाढत नाहीत, पांढऱ्या केसांचा ॲडम कसा दाखवणार. पण पहिला सिनेमा त्यांचा होता. जोडप्याला मूल नव्हतं आणि लिडियाला कोणी जवळचं नव्हतं, शेवटी जिवंत आणि मेलेले एकाच घरात एकत्र राहायला लागतात, गणिताच्या परीक्षेत चांगले मार्क पडले म्हणून ते तिला हवेत नाचू देतात, बेलाफोंटेचं गाणं लागतं. पालकच झाले होते ते तिचे. ते गेले तेव्हा लिडियाला काय झालं असेल? १२५ वर्षं बरोबर राहणार होते. सिनेमाभर ती माणसं सोडून जाण्याबद्दलच रडतेय, आणि या दोघांबद्दल एक वाक्य.

काळी मांजर

उत्तररात्र, हेच! मला इतके दिवस नेमकं बोट ठेवता येत नव्हतं. डोलोरेसची दहा मिनिटं काढून तिथे द्यायची होती. नट नकोतच, माळ्यावर ते गावाचं मॉडेल अजून आहे ना, ॲडमनं केलेलं, धूळ खात. लिडियानं नुसतं ते पुसलं असतं तरी चाललं असतं. उलट ते मॉडेल बीटलज्यूसला बोलवायलाच फक्त वापरलं.

रंगपेटी

मॉडेलबद्दल +१. ॲडमनं रंगवलेली ती चिमुकली झाडं.

माजघर

उत्तररात्र, मला हे लागलं. पण माझं थोडं वेगळं म्हणणं आहे. मला वाटतं लिडिया त्यांच्याबद्दल बोलत नाही कारण तिला जमत नाही. ती ते वाक्य कसं म्हणते बघा, मुलीकडे न बघता, पटकन, पुढचा प्रश्न येऊ नये अशी. विनोनानं तेवढ्यात केलंय जे करायचं ते. लिहिणाऱ्यांनी पळवाट काढली असेल, तिनं नाही काढली. ज्यांनी तिला वाढवलं ते निघून गेले आणि तिला मात्र बाकी सगळी अनोळखी भुतं दिसत राहिली, म्हणून तर ती त्या शोमध्ये दुसऱ्यांच्या घरातली भुतं शोधत बसते.

तरी तुमची मागणी रास्त आहे. एक सीन हवाच होता.

निशाचर

गाण्यांवर कोणी बोललं नाही. पहिल्यात जेवणाच्या टेबलावर सगळे पाहुणे अचानक हॅरी बेलाफोंटेच्या 'डे-ओ'वर नाचायला लागतात, स्वतःच्या मनाविरुद्ध, आणि ताटातली कोळंबी त्यांचंच तोंड पकडते. मेटलंडनी घाबरवायला केलेलं असतं आणि पाहुणे खूश होतात! दुसऱ्यात चार्ल्सच्या अंत्यविधीला लहान मुलांचा कॉयर तेच गाणं गातो, संथ. मला तो सगळ्यात चांगला सांधा वाटला, गाणं तेच, घर तेच, पण आता टेबलाच्या टोकाशी बसणारा माणूस पेटीत आहे.

पण शेवटच्या लग्नाच्या सीनला 'मॅकआर्थर पार्क' घेतलंय, रिचर्ड हॅरिसनं १९६८ला गायलेलं, सात मिनिटांच्या वर. चर्चमध्ये बीटलज्यूस सगळ्यांच्या तोंडून ते गाऊन घेतो, हिरवा केक वितळतोय. मला आवडलं, माझ्या बायकोला अजिबात नाही.

काळी मांजर

तुमच्या बायकोच्या बाजूनं मत :) 'डे-ओ' चालतं कारण ते मधेच येतं आणि झटक्यात संपतं, कोणाला काही कळायच्या आत. हे सुरू झालं की संपतच नाही. ऐन शेवटाला, सगळ्या गोष्टींच्या गाठी सोडवायच्या बाकी असताना.

दवबिंदू

माझ्या मुलीनं तो सीन तीनदा मागे नेऊन बघितला.

भटकंती

मला वाटतं ते गाणंच मुळात कोणालाच नीट न कळणाऱ्या दुःखाचं आहे आणि गाणारा पूर्ण मनापासून गातोय, म्हणून ते तिथे बसतं. लिडिया नको असलेल्या लग्नात उभी आहे आणि तोंडातून दुसऱ्याचे शब्द येतायत. रोरीबरोबर तरी वेगळं काय चाललं होतं? शोमध्ये तिच्या तोंडून त्याचेच शब्द यायचे.

काळी मांजर

हे मला पटलं. लांबी नाही पटली, पण हे पटलं.

प्रश्नचिन्ह

दोन्ही बघितले काल रात्री सलग. पहिला जास्त आवडला, वेटिंग रूम भारी आहे एकदम, तो जळालेला माणूस सिगरेट ऑफर करतो ते. दुसऱ्यात बॉब. जेरेमीनं आईवडिलांना मारलेलं असतं ते कळलं तेव्हा खरंच धक्का बसला, आधी मला ती गोड लव्हस्टोरी वाटत होती. आणि रेल्वेवर सगळे नाचत असतात तो स्टेशनचा सीन. माळ्यावरच्या मॉडेलचं तुम्ही लोकांनी सांगितलं म्हणून बघितलं, खरंच कोणी हात पण लावत नाही त्याला नीट. कुठेतरी वाचलं की कार्टून पण होतं याचं, ते बघू का?

निशाचर

१९८९ ते १९९१ अमेरिकेत चाललं ते. बघा, पण डोक्यात एक ठेवा की तिथे लिडिया आणि बीटलज्यूस जिवलग मित्र आहेत, ती त्याला स्वतः बोलावते आणि दोघं मिळून परलोकात भटकतात. मेटलंड त्यात नाहीतच.

उत्तररात्र

तिथेही नाहीत!! माझा निषेध नोंदवून घ्या.